तुमच्या पुस्तकातलं माइन्त्स

अण्णा, तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. सांगलीला तेरावा झाला, गोडाचं जेवण झालं, आणि निखिल परवा परत आला. मी आले नाही. सून सासऱ्यांच्या तेराव्याला का आली नाही, याची कारणं मी सगळ्यांना दिली. आमच्या ईराची शाळा, ऑफिसात प्रोजेक्टची शेवटची फेरी. लोकांना ती पटली. तुम्हाला पटली नसती, म्हणून तुम्हाला खरं सांगते. मी तुमच्यावर रागावलेली होते, आणि पोटात राग धरून तुमच्या फोटोला हार घालणं मला जमलं नसतं.

सांगलीच्या पेपरात तुमच्यावर आलेलं कात्रण निखिलने फोनवर पाठवलं. फोटो चांगला छापलाय, तो निळ्या स्वेटरमधला, मीच काढलेला. खाली लिहिलंय की जर्मनीतल्या एका प्राचीन रोमन राजधानीचा दोन हजार वर्षांचा इतिहास तुम्ही मराठीत 'एकहाती' आणलात. मी एश्बॉर्नच्या ऑफिसात डबा खात होते. 'एकहाती' या शब्दापाशी थांबले आणि डबा बंद केला.

आई गेल्या त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे माइन्त्सला आलात. तीन महिन्यांचा व्हिसा, एक बॅग, आणि बॅगेत निम्मी जागा मेतकूट आणि भडंगाने भरलेली. ईरा तेव्हा तीन वर्षांची होती. निखिल नि मी दोघंही दिवसभर बाहेर. तुम्ही बाल्कनीत खुर्ची टाकून समोरच्या पार्किंगकडे बघत बसायचात. चार दिवसांत तुम्ही म्हणालात, "गाव स्वच्छ आहे. पण इथे काही घडत नाही."

त्या शनिवारी मी तुम्हाला आमच्या स्टेशनवर नेलं. मी ज्या स्टेशनवरून रोज एस-बान, म्हणजे लोकल, पकडते त्याचं नावच 'रोमन थिएटर' आहे, आणि सात वर्षं मी ते नाव नुसतं तिकिटावर वाचत होते. फलाटाच्या मागे उतारावर ते रोमन नाट्यगृह आहे. दगडांच्या रांगा, मध्ये गवत, आणि रेल्वेने पूर्वी रूळ टाकताना त्याचा एक भाग सरळ कापून काढलेला. तुम्ही कठड्याला धरून उभे राहिलात. दोन गाड्या आल्या नि गेल्या. मग म्हणालात, "तीस वर्षं मुलांना रोमन साम्राज्य शिकवलं. आज पहिल्यांदा दगड बघितला." आणि लगेच पाटीकडे बोट दाखवून विचारलंत, "वर्षा, यात काय लिहिलंय?"

तो तुमचा पहिला प्रश्न. पुढची सहा वर्षं तुम्ही मला तोच विचारत राहिलात.

मी पाटी वाचली. आल्प्सच्या उत्तरेला एवढं मोठं रोमन नाट्यगृह दुसरं नाही. इथे सैन्याची मोठी छावणी होती, मग छावणीभोवती गाव वाढलं, मग ते गाव एका प्रांताची राजधानी झालं. तुम्ही खिशातून बसचं तिकीट काढून त्याच्या मागे लिहून घेतलंत. सोमवारी मला म्हणालात, "ऑफिसातून येताना वही आण. शंभर पानी. आखीव."

मग आपलं सुरू झालं. मी साडेसहाला घरी यायची. कुकर लावायचा, ईराला जेवायला घालायचं, आणि सातला टेबलावर बसायचं. शहराच्या ग्रंथालयातून माझ्या कार्डावर आणलेली जर्मन पुस्तकं माझ्यासमोर, वही तुमच्यासमोर. मी एक वाक्य मनात वाचायची, मराठीत सांगायची, तुम्ही लिहायचात. अडलं की थांबवायचात. "प्रांत म्हणजे सुभा म्हणू या का?" "नको अण्णा, सुभा म्हटलं की मोगल डोळ्यांसमोर येतात." "बरं, प्रांतच ठेव." तुम्ही सांगलीला परत गेलात की दर रविवारी व्हिडिओ कॉल. मी पानं स्कॅन करायची, तुम्हाला वाचून दाखवायची, आणि तुमच्या हस्ताक्षरातली प्रकरणं टाइप करायची. निखिल सोफ्यावर फुटबॉल बघत असायचा. अधूनमधून म्हणायचा, "आल्झो, म्हणजे रोमन लोक अजून गेले नाहीत का?"

गेले ना. रोमन गेले, नदी ओलांडून टोळ्या आल्या, त्यांनी शहर जाळलं. मग फ्रँक आले. मग आर्चबिशप, जे धर्मगुरू होतेच, शिवाय राजेही होते आणि सम्राट कोण व्हावा यासाठी मत द्यायचे. स्वीडनचे सैनिक येऊन बसले. फ्रेंच आले आणि त्यांनी पुन्हा एका प्रांताची राजधानी केली, फक्त या वेळी पॅरिसच्या हुकमाने. मग प्रशियन आणि ऑस्ट्रियन सैनिक एकाच किल्ल्यात एकमेकांकडे संशयाने बघत राहिले. मग पुन्हा फ्रेंच. मग बॉम्ब. आणि आता परत एका राज्याची राजधानी आहे. या सगळ्यांची नावं मी इथे लिहीत नाही. ती तुमच्या पुस्तकात आहेत, अनुक्रमणिकेसकट. ती नावं मी टाइप केलीत.

तुम्हाला काय आवडायचं ते मला पाठ होतं. युद्धानंतर नदीपलीकडचा भाग शेजारच्या वीसबाडनला दिला, तरी त्याला अजून माइन्त्स-कास्टेलच म्हणतात, हे सांगितलं तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. "म्हणजे नाव यांचं आणि कचऱ्याची गाडी त्यांची," म्हणालात. गडावरचा तो रोमन सेनापतीचा दगडी मनोरा, ज्याला ईरा 'कापुट्टर त्सान' म्हणाली, म्हणजे किडका दात, तो बघून तुम्ही तिला खांद्यावर घेतलंत. आणि शॉपिंग आर्केडच्या तळघरातलं ते देवीचं देऊळ. लोक शिशाच्या पत्र्यावर आपलं वाईट करणाऱ्याचं नाव आणि त्याचं काय व्हावं ते लिहायचे, पत्र्याची घडी घालायचे आणि देवळामागच्या आगीत टाकायचे. वर बाया नवे बूट घालून बघत होत्या, आणि खाली तुम्ही काचेला नाक लावून उभे. म्हणालात, "काय लिहायचं ते सगळ्या जगाला सारखंच सुचतं."

एक गोष्ट मान्य करते, अण्णा. ते दोन तास मला हवे असायचे. ऑफिसात मला एवढंच विचारतात की काम कधी होणार. घरी विचारतात, जेवायला काय आहे. यात काय लिहिलंय, हे मला तुमच्याशिवाय कोणीच विचारलं नाही. ज्या वर्षी माझं प्रमोशन हुकलं आणि माझ्यापेक्षा चार वर्षांनी ज्युनिअर असलेला मुलगा माझा बॉस झाला, त्या दिवशी मी घरी येऊन बूटसुद्धा न काढता पॅसेजमध्ये बसून राहिले. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्ही पिठलं केलंत, पहिल्यांदाच, गुठळ्या झालेलं. मी जेवल्यावर म्हणालात, "आज वाच. नको वाटत असलं तरी वाच." मी वाचलं. आर्चबिशपांच्या कारभारावरचं एक रटाळ प्रकरण होतं. अर्ध्या तासाने माझा आवाज नीट झाला. ते पिठलं मी विसरणार नाही. पण ते पुस्तकात नाही, आणि मीही नाही.

आपली भांडणंही तिथेच झाली, त्या टेबलावर. सगळ्यात मोठं त्या नावाड्याच्या दगडावरून. संग्रहालयात एक कबरीचा दगड आहे. त्यावर एक म्हातारा नावाडी बसलाय, हातात पिशवी. शेजारी त्याची बायको, स्थानिक बायकांच्या पेहरावात, अंगभर दागिने. रोमनांच्या राज्यात राहून तिने आपला पोशाख सोडलेला नाही. तिच्या मांडीवर छोटं कुत्रं आहे आणि ईराला फक्त ते कुत्रंच दिसलं. मी खालचा मजकूर वाचला. त्यात लिहिलंय की हा दगड बायकोने जिवंतपणी करवून घेतला.

"म्हणजे हा तिचा दगड आहे, अण्णा."

"नावाड्याचा म्हणून प्रसिद्ध आहे."

"करवून घेतला तिने. त्यावर तसं कोरलंय."

"अगं, पण राजधानीच्या इतिहासात तिचं काय काम? नावाडी म्हणजे व्यापार, नदी, मालवाहतूक. तो इतिहास झाला."

"आणि ती?"

तुम्ही वही मिटलीत. तुमचं म्हणणं ठरलेलं होतं. राज्यकर्ते बदलतात, राजधानी राहते. मी विचारायची, राजधानी राहते म्हणजे नेमकं कोण राहतं? तुम्ही म्हणायचात, "तुझं इंजिनिअरिंग झालंय, तुला प्रत्येक गोष्ट सुटी करून बघायची सवय आहे." आठ दिवस आपण त्यावर भांडलो. पुस्तकात तो दगड दीड ओळीत आहे. 'एका नावाड्याची व त्याच्या पत्नीची समाधी.' मी ते टाइप केलं, अण्णा. माझ्या बोटांनी. आणि तरी मला वाटत राहिलं की हे पुस्तक आपलं आहे.

पुस्तक निघालं गेल्या हिवाळ्यात. प्रकाशन सांगलीला, तुमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. मला रजा मिळाली नाही, निखिल आला. परत येताना त्याने पाच प्रती आणल्या. मी वरची प्रत घेतली, स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उघडली. सगळं पुस्तक मी टाइप केलं होतं, पण मनोगत तुम्ही सांगलीत हाताने लिहून परस्पर प्रकाशकांना दिलं होतं. ते मी पहिल्यांदाच वाचत होते.

'जर्मन भाषेतील अनेक ग्रंथांचे परिशीलन करून हे पुस्तक सिद्ध केले आहे.' परिशीलन कोणी केलं, ते वाक्यात नाही. त्यानंतर प्रकाशकांचे आभार. तुमच्या गुरुजींचे आभार. 'चिरंजीव निखिल याच्यामुळे हे शहर पाहण्याचा योग आला.' आणि शेवटून दुसरी ओळ: 'सूनबाईनी चहापाण्याची व घरातील सर्व व्यवस्था उत्तम ठेवल्याने निर्वेधपणे लिहिता आले.'

माझं नावही नाही. सूनबाई. मी ती ओळ तीनदा वाचली. त्या दिवशी मला शिशाचा एक पत्रा मिळाला असता तर काय लिहायचं ते मला नक्की सुचलं असतं.

निखिलला दाखवलं. तो म्हणाला, "अगं, अण्णांची पिढी. त्यांच्या लक्षात आलं नसेल."

"सहा वर्षं समोर बसले होते, निखिल."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको. मीच बोलते."

रविवारी कॉल केला. तुम्ही खुशीत होतात. मागे टेबलावर प्रतींचा गठ्ठा दिसत होता.

"अण्णा, मनोगत वाचलं."

"कसं झालंय?"

"तुम्ही चहापाण्याबद्दल लिहिलंत."

"मग? केलंस ना तू सगळं. दोन वेळचा चहा एकदाही चुकला नाही."

"जर्मन कोणी वाचलं, अण्णा?"

तुम्ही चष्मा काढून पुसलात. म्हणालात, "घरच्या माणसांचे कोणी असे जाहीर आभार मानतं का?"

"निखिलचे मानलेत."

"ते आपलं रीतीप्रमाणे."

"मला रीतीप्रमाणे पण चाललं असतं."

तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत नव्हतात. म्हणालात, "पुढच्या आवृत्तीत बघू." आणि मग विचारलंत, तिकडे बर्फ पडलं का. मी म्हटलं, पडलं. त्यानंतर आपण पुस्तकाबद्दल एकदाही बोललो नाही. रविवारी मी फोन ईराच्या हातात द्यायची. तुम्ही तिला मराठीत विचारायचात, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि मधे सांगायला मी नसायची. मला दुसऱ्या खोलीतून ऐकू यायचं. "ईरा, काय म्हणालीस? परत सांग." ती परत जर्मनमध्येच सांगायची. तुम्ही "बरं, बरं" म्हणायचात.

आता जे सांगायचं आहे ते तुम्हाला माहीत नाही.

दर वर्षी तुमच्या व्हिसासाठी इथे एक कागद करावा लागायचा. पाहुण्याची सगळी जबाबदारी आमची, असं सरकारी कचेरीत जाऊन लिहून द्यायचं. फेअरफ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग. तुम्हाला येणारा हा एकमेव लांबलचक जर्मन शब्द. सांगलीत मित्रांना म्हणून दाखवायचात आणि त्यांना तो म्हणायला लावायचात. घरातली सगळी कागदपत्रं माझ्याकडे, तशी हीही. मी साइटवरून टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायची, जायची, सही करायची, तुम्हाला कुरिअर करायची.

यंदा फेब्रुवारीत निखिलने विचारलं, "अण्णांच्या कागदाचा टर्मिन घेतलास?"

"मिळत नाहीये. सगळं फुल्ल आहे."

फुल्ल नव्हतं. मंगळवार मोकळा होता, गुरुवारही मोकळा होता. मी ते बघितलं आणि खिडकी बंद केली. मार्चमध्ये परत बघितलं, परत बंद केली. एप्रिलमध्ये तुम्ही स्वतः मला फोन केलात. ईराला नाही, मला.

"वर्षा, ते तुमच्या जुन्या जलवाहिनीचे खांब राहिलेत बघायचे. गावाबाहेरचे. मागच्या वेळी पावसाने राहिलं."

"हो अण्णा. पण टर्मिनच मिळत नाहीये या वर्षी."

"असं? बरं." आणि मग, "बघ, मिळाला तर."

"बघते."

मी बघितलं नाही. मला वाटलं, एक उन्हाळा. एक उन्हाळा तुम्ही त्या खुर्चीशिवाय, माझ्या कार्डावरच्या पुस्तकांशिवाय काढा, आणि मग तुम्हाला कळेल परिशीलन कोण करत होतं. पुढच्या वर्षी बोलावणारच होते. मी ते ठरवूनही टाकलं होतं. तुम्ही पुढच्या वर्षापर्यंत थांबला नाहीत. ऑक्टोबरमधल्या एका सकाळी मी ईराच्या डब्यात सफरचंद कापून ठेवत होते आणि निखिलचा फोन वाजला. सांगलीचे शेजारी होते. तुम्ही दवाखान्यात पोचेपर्यंतच गेलात.

निखिल त्याच दिवशी निघाला. विमानतळाच्या गाडीत बसताना त्याने मला विचारलं, "येतेस?" मी ईराकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली.

आठव्या दिवशी मी त्याला फोन केला आणि म्हटलं, "अण्णांच्या टेबलावर पुस्तकाची त्यांची स्वतःची प्रत असेल. बघ ना, दुसऱ्या आवृत्तीसाठी काही खुणा केल्यात का." मला काय हवं होतं ते तुम्हाला कळेल. निखिललाही कळलं. तो कॅमेरा चालू ठेवून तुमच्या खोलीत गेला. प्रत होती. लाल शाईने पानन् पान तपासलेलं. सनांचे आकडे, नावांचे उच्चार, काने-मात्रा. तीस वर्षं पेपर तपासणाऱ्या माणसाचं काम.

"मनोगत उघड," मी म्हटलं.

त्याने उघडलं.

"काय आहे?"

"एक दुरुस्ती आहे."

"काय?"

त्याने पान कॅमेऱ्यापुढे धरलं. तुम्ही 'सूनबाईनी' मधल्या ई वर अनुस्वार दिला होता. सूनबाईंनी. लाल टिंब, व्यवस्थित, गोल. बाकी ओळ तशीच. म्हणजे तुम्ही ती ओळ परत वाचलीत, अण्णा. आपलं ते बोलणं झाल्यावर, हातात लाल पेन असताना, तुम्ही त्या ओळीवर थांबलात, आणि तुम्हाला त्यात शुद्धलेखनाची चूक दिसली.

मी निखिलला म्हटलं, ठेव फोन.

पण त्याने संध्याकाळी परत केला. त्या प्रतीतच त्याला दोन कागद सापडले होते. एक जुलैमधलं पत्र, साताऱ्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांचं. भाषा सभ्य होती, पण आतून झोंबणारी. पुस्तकात लिहिलंय की शहरातल्या लोकांनी आपल्याच आर्चबिशपचा खून केला, तेव्हा सम्राट संतापून आला आणि त्याने शहराची तटबंदी दुरुस्त करून दिली. ज्या शहराने खून केला त्याला सम्राट बक्षीस देईल का? तटबंदी त्याने जमीनदोस्त केली. लेखकाने मूळ जर्मन ग्रंथ खरोखर वाचलेत काय, असा प्रश्न पडतो.

ती संध्याकाळ मला आठवली. जर्मनमध्ये शब्द होता 'गेश्लाइफ्ट', म्हणजे पाडून टाकलेली. त्याच्या जवळचाच दुसरा शब्द आहे, त्याचा अर्थ घासलेला, धार लावलेला. मी दिवसभराच्या मीटिंगांनी शिणलेली होते. घासलं म्हणजे साफसूफ केली, डागडुजी केली, असं मनाशी जुळवलं आणि पुढे गेले. तुम्ही पेन थांबवलं होतंत.

"दुरुस्त केली? नक्की?"

"हो अण्णा, तसंच लिहिलंय."

"खून झाल्यावर?"

"लिहा ना तुम्ही. शब्द तोच आहे."

तुम्ही लिहिलंत. इतिहासाच्या माणसाला ते पटलं नव्हतं, तरी माझ्या शब्दावर तुम्ही लिहिलंत.

दुसरा कागद म्हणजे तुमच्या उत्तराची कच्ची प्रत. निखिलने वाचून दाखवली. 'आपण दाखवलेली चूक गंभीर आहे. ती सर्वस्वी माझी आहे. अन्य कोणाचाही तिच्याशी संबंध नाही. पुढील आवृत्तीत दुरुस्त करीन.' 'अन्य कोणाचाही' खाली तुम्ही रेघ मारली होती.

तेव्हापासून ही एक गोष्ट मला छळतेय. तुम्ही मला वाचवलंत, की तुम्हीच जर्मन वाचलंत हे खोटं टिकवून ठेवलंत? एप्रिलमध्ये मी तुम्हाला टर्मिनचं खोटं सांगितलं, जुलैमध्ये तुम्ही माझी चूक अंगावर घेतलीत, आणि मला कळवलंही नाहीत. कळवलं असतं तर मी रागाने का होईना, फोन केला असता. विचारायला आता कोणी नाही. निखिलला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही असेल." असेल. पण मला तुमच्या तोंडून हवं होतं.

परवा तो आला. बॅग उघडायच्या आधी मी त्याला टर्मिनचं सगळं सांगितलं. मंगळवार, गुरुवार, सगळं. तो बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?"

"मी पण साइट बघितली होती. मार्चमध्ये."

"मग तू का नाही घेतलास?"

"तुमच्या दोघांच्यात मला पडायचं नव्हतं."

मी त्याच्यावर ओरडणार होते, पण कोणत्या तोंडाने? तुमचा मुलगा सहा वर्षं सोफ्यावर होता आणि सातव्या वर्षीही सोफ्यावरच राहिला. मनोगतात त्याचे आभार आहेत. खुर्ची अजून बाल्कनीत आहे. ईराने तिच्यावर तिचं सायकलचं हेल्मेट ठेवायला सुरुवात केलीय, आणि मला तिला ओरडावंसं वाटतं, पण कारण सांगता येत नाही.

काल प्रकाशकांचा फोन आला. माणूस चांगला आहे, तुमच्याबद्दल मनापासून बोलला. प्रती संपल्यात, दुसरी आवृत्ती काढायची आहे, घरच्यांपैकी कोणीतरी दोन शब्द लिहावेत. निखिलने फोन माझ्याकडे दिला. देताना त्यावर हात ठेवून मला विचारलं, "अण्णांचं मनोगत बदलून घेऊ या का? तुझं नाव घालून?"

मी नाही म्हटलं. तुमचं मनोगत तुमचं आहे. ते तसंच जाईल, लाल अनुस्वार देऊन. मेलेल्या माणसाच्या तोंडी मी माझं कौतुक घालणार नाही.

मी प्रकाशकांना तीन वाक्यं सांगितली, शेवटच्या पानावर वेगळी छापायला. 'या पुस्तकासाठी वापरलेल्या सर्व जर्मन ग्रंथांचे वाचन आणि मराठी रूपांतर मी केले आहे. पहिल्या आवृत्तीत तटबंदी दुरुस्त केल्याचा जो उल्लेख होता, ती चूक माझी होती. सम्राटाने तटबंदी पाडली होती. वर्षा कुंभोजकर.'

ते जरा घुटमळले. म्हणाले, "वहिनी, रूपांतराचं छापू या, चांगलंच आहे. पण चुकीचं कशाला जाहीर करता? सरांनीही मला कळवताना ती स्वतःवरच घेतली होती. ते वाक्य काढू."

मी म्हटलं, "ते काढायचं असेल तर बाकीचंही काढा."

ते बरं म्हणाले. छापतायत.

तुम्ही असतात तर या पानावरून आपलं कडाक्याचं वाजलं असतं. तुम्ही वही मिटून म्हणाला असतात की चूक लेखकाची असते, वाचून दाखवणाऱ्याची नाही. मी म्हटलं असतं, अण्णा, शब्द मी चुकले, तुम्ही विचारलं होतंत. तुम्ही आवाज चढवला असतात, मीही चढवला असता, निखिलने टीव्हीचा आवाज वाढवला असता. आठ दिवस चाललं असतं. आणि या वेळी मी टाइप करून दिलं नसतं.